ब्रेक पायात असतो म्हणे!

या वर्षीचे पहिले सत्र सुरू झाले तेव्हा आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर एक नवी पाटी लागली: ‘ब्रेक नसलेल्या सायकली आत आणू नयेत.’ एवढ्याशा पाटीने कँटीनमध्ये जेवढी चर्चा घडवून आणली तेवढी गेल्या दोन वर्षांत वक्तृत्वस्पर्धेच्या एकाही विषयाने घडवली नसेल. स्टँडवर हल्ली अशा आठ-दहा सायकली दिसतात. सडपातळ; मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, हँडलला ब्रेकचा दांडा नाही आणि तारही नाही. त्यांचे मालक बहुतेक माझे मित्रच. ‘आमच्या सायकलीला ब्रेक आहे, तो पायात आहे, पाटी रंगवणाऱ्याला तो दिसत नाही, इतकेच,’ असा त्यांचा युक्तिवाद. मीही तसलीच सायकल चालवतो, तेव्हा पाटीविरुद्धच्या अर्जावर मी सही करीन अशी त्यांची अपेक्षा होती. मी सही केली नाही. का केली नाही हे कँटीनमध्ये सांगायला गेलो की चहा निवून जातो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या प्राध्यापकांना व मित्रमैत्रिणींना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. उतारावर आपण पाय थांबवतो, चाक फिरत राहते आणि मागून टिकटिक ऐकू येते, ती फ्रीव्हीलची. फिक्स्ड सायकलीत हे फ्रीव्हीलच नसते. मागची दातेरी चकती चाकाच्या हबवर घट्ट आवळलेली असते आणि ती सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांचे एक लॉकरिंग बसवतात. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच. उतार असो, गतिरोधक असो, पायाला विसावा नाही. वेग कमी करायचा तर वर येणाऱ्या पायडलाला पायाने विरोध करायचा. हाच तो पायातला ब्रेक.

यात नवीन काही नाही, हेही सांगून टाकतो, कारण आमच्यातल्या काहींना आपण कसलीशी क्रांती करत आहोत असे वाटते. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशोच्या कारखान्यातून ज्या सायकली निघाल्या त्यांची पायडले थेट पुढच्या चाकालाच जोडलेली असत. पुढे आलेली उंच चाकाची सायकलही तशीच. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे ‘रोव्हर’ सायकल काढली. चेनने मागचे चाक फिरवणारी, आजच्या सायकलीची ती पणजी. पण तीही आरंभी फिक्स्डच होती. त्या काळी उतारावर स्वार पाय पायडलांवरून उचलून पुढच्या फोर्कवर लावलेल्या खुंट्यांवर ठेवत, आणि खाली पायडले आपली आपण गरगरत राहत. फ्रीव्हील सर्रास झाले ते विसावे शतक उजाडताना. म्हणजे आपल्या आजोबांची काळी रोडस्टर ही आमच्या या ‘आधुनिक’ सायकलीपेक्षा एक पिढी पुढची आहे! असो.

तरीही फिक्स्ड सायकल मेली नाही, ती वेलोड्रोममध्ये जिवंत राहिली. वेलोड्रोम म्हणजे सायकल-शर्यतींची कडेला चढत गेलेली, वाटोळी धावपट्टी. आपल्या पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जे क्रीडासंकुल उभे राहिले त्यातही ती आहे. तिथे सायकलींना ब्रेक लावायला नियमानेच मनाई असते, आणि ती मनाई शहाणपणाची आहे. सगळे एकाच दिशेने, एकमेकांच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून धावत असतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सहाजण त्याच्या अंगावर. कोणीच एकाएकी थांबू शकत नाही, यावरच सगळ्यांची सुरक्षितता उभी असते. जपानात १९४८ सालापासून चाललेली केइरिनची शर्यतही अशाच बिनब्रेकच्या सायकलींची.

आता मित्रांना माझा साधा प्रश्न आहे. लक्ष्मी रोडवर सगळे एकाच दिशेने धावतात काय? तिथे पीएमपीची बस एकाएकी थांबते, रिक्षा हात न दाखवता वळते, पदपथावरून एखाद्या आजी ‘थांब रे’ म्हणत सरळ रस्त्यात उतरतात. वेलोड्रोमची सायकल रस्त्यावर आणली आणि वेलोड्रोमचा नियमही तिच्याबरोबर आणला, तर तो नियम ज्या परिस्थितीसाठी केला ती परिस्थिती मात्र तिथेच राहिली. पुस्तकातले वाक्य संदर्भावेगळे काढून उत्तरपत्रिकेत चिकटवणाऱ्याला आमचे सर जे म्हणतात तेच इथे म्हणावे लागेल.

यात भावनेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. वेग कमी होऊ लागला की सायकलीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर कलतो आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक जमिनीला धरत नाही, ते घसरते. म्हणून एकट्या मागच्या चाकाने, मग ते ब्रेकने थांबवा की पायाने, जेवढे थांबता येते ते चांगल्या पुढच्या ब्रेकच्या निम्म्याच्या आसपास असते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल कोरड्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकने पाचेक मीटरांत थांबत असेल, तर नुसत्या मागच्या चाकाला दहा मीटर लागतील. आणि यात आपल्याला धोका दिसायला लागलेला वेळ धरलेलाच नाही. उरलेल्या पाच मीटरांत कोण उभे आहे ते आपल्या हाती नसते. लंडनमध्ये २०१६ साली अशाच एका बिनब्रेकच्या सायकलीच्या धडकेने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंचा मृत्यू झाला. चालवणारा मुलगा अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गातला म्हणावा असा. २०१७ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि तीही १८६१ सालच्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली. ब्रिटनचा सायकलींविषयीचा १९८३ चा नियम असा आहे की फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरला जाईल, पण पुढच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक हवाच. पायातला ब्रेक ते नाकारत नाहीत; त्याला पुरेसा मात्र मानत नाहीत. माझे मत तंतोतंत हेच आहे, म्हणून मी अर्जावर सही केली नाही.

इथपर्यंत वाचून पाटी लावणारी मंडळी खूश झाली असतील. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. पाटी बरोबर आहे पण अपुरी आहे. स्टँडवरचे शिपाईमामा हँडलकडे पाहतात, ब्रेकचा दांडा दिसला की ‘जा’ म्हणतात. पायडलाकडे कोणी पाहत नाही. पाय पायडलावर राहिलाच नाही तर फिक्स्ड सायकल ही साध्या सायकलीपेक्षा कितीतरी वाईट. आणि पाय पायडलावर राहणे हे पायडल कसले आहे, ते कसे बसवले आहे आणि त्याचा पट्टा कसा ओवला आहे यावर अवलंबून आहे.

माझ्या वर्गातला एक मित्र गेल्या हिवाळ्यात कात्रजच्या बाजूने शहराकडे उतरत होता. पायडले साधी, रबरी, गुळगुळीत झालेली, पट्टे नाहीत, पायात चपला. उतारावर वेग चाळीसच्या पुढे गेला. त्याच्या सायकलीच्या दात्यांच्या हिशेबाने त्या वेगाला पायडल मिनिटाला शंभरावर फेरे घेते. एवढ्या वेगाने पाय फिरवण्याची सवय नसली की तो उडतो. त्याचाही उडाला. साध्या सायकलीवर पाय निसटला तर पायडल तिथेच थांबते. इथे ते थांबत नाही. ते खालून वर येते आणि पोटरीवर बसते, आणि पुन्हा येते. त्याच्या सायकलीला सुदैवाने पुढचा ब्रेक होता, म्हणून प्रकरण आठ टाक्यांवर भागले. पाटीचा नियम त्याने पाळला होता, हे लक्षात घ्या.

तेव्हा पायडलाचा विषय. गेल्या महिन्यात मी माझ्या सायकलीला नवी पायडले बसवली. धातूच्या पिंजऱ्याची, टो-क्लिप आणि चामडी पट्टा असलेली. ती बसवून, नीट करून, चालवून पाहायला मला दोन सकाळी लागल्या, आणि बी.ए.च्या तीन वर्षांत याइतके ठोस शिक्षण मला क्वचितच मिळाले असेल. (सर, रागावू नये.)

पहिली गोष्ट आट्यांची. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे असतात. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण डावे पायडल सोडवायच्या नादात जीव खाऊन आवळत बसतात. लक्षात ठेवायला सोपे असे की पाना पायडलाच्या दांड्यावर उभा धरा. पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पायडले आवळतात, मागच्या चाकाकडे ढकलला की सुटतात. डाव्या पायडलाला उलटे आटे देण्याचे श्रेय सहसा राइट बंधूंना दिले जाते. होय, तेच विमानवाले. १९०३ साली आकाशात उडण्याआधी डेटन गावी त्यांचा सायकलींचा धंदा होता.

पण उलटे आटे कशासाठी? आपल्याला वाटते, पायडल फिरते तसे छर्ऱ्यांच्या घर्षणाने ते आवळत जावे, म्हणून. नीट विचार केला तर घर्षणाने ते उलट सुटायला हवे! खरे कारण वेगळे आहे. एक पेन्सिल मुठीत सैलसर धरा आणि तिचे मोकळे टोक दुसऱ्या हाताने वर्तुळात फिरवा. टोक ज्या दिशेने फिरते त्याच्या विरुद्ध दिशेने पेन्सिल मुठीत स्वतःभोवती हळूहळू वळते. पायडलाचा दांडा क्रँकच्या भोकात कितीही घट्ट बसवला तरी केसाएवढी फट उरतेच. पायाचा भार सतत खालच्या दिशेला असतो, क्रँक मात्र फिरत असते. त्यामुळे क्रँकच्या दृष्टीने भारच गोल गोल फिरतो आणि दांडा त्या भोकात लोळत लोळत वळतो. हे लोळणे घर्षणापेक्षा जबरदस्त असते. आटे योग्य असतील तर याच लोळण्याने पायडल आवळत राहते.

आमच्या फिक्स्डवाल्या मंडळींत एक पक्का समज आहे की पाय मागे रेटून ब्रेक मारला की हे सगळे उलटे होते आणि पायडल सुटते, म्हणून आट्यांना चिकटवणारे औषध लावावे. मला हे पटत नाही. ब्रेक मारताना आपण वर येणाऱ्या पायडलावर खालीच जोर देतो, आणि क्रँक त्याही वेळी पुढच्याच दिशेने फिरत असते. भाराचे फिरणे तेच, म्हणून लोळण्याची दिशाही तीच. सायकल खरोखर मागे चालवणाऱ्या कसरतपटूंची गोष्ट निराळी. आट्यांना औषध नव्हे, ग्रीस लावावे. क्रँक ॲल्युमिनियमची, दांडा पोलादी. कोरडे बसवले तर दोन पावसाळ्यांत ते एकजीव होतात आणि मग ते सोडवणे म्हणजे मिस्त्रीकाकांच्या शिव्या खाणे.

पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या या संसारात नमते नेहमी ॲल्युमिनियम. म्हणून सुरुवातीचे चार-पाच आटे पाना न लावता बोटांनीच फिरवावेत. बोटांनी जात नसेल तर काहीतरी तिरके आहे. पान्याने जोर करून ते सरळ होत नाही, क्रँकचे आटे मात्र कायमचे जातात. मग १५ मिलिमीटरचा, जरा लांब आणि पातळ तोंडाचा पाना घ्यावा आणि आवळावे. किती? कारखानदार पस्तीस ते चाळीस न्यूटन-मीटर सांगतात. आपल्या भाषेत, वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण वीस किलोचा जोर. हे करताना दोन्ही टायर जमिनीवर टेकलेले आणि पुढचा ब्रेक दाबलेला हवा, कारण फिक्स्ड सायकलीत पायडल हलले की चाक हलते. आणि बोटांचे काय? चेनवर बोट जाईल अशा ठिकाणी हात नको. साध्या सायकलीची चेन पुसताना बोट अडकले तर चेन थांबते. इथे स्टँडवर उचललेले चाक फिरवत चेन पुसू लागलात आणि फडके दात्यांत गेले, तर चाकाचा सगळा वेग ते फडके आणि त्यामागचे बोट आत ओढून नेतो. अशी बोटे गेलेली आहेत. चेन पुसायची ती चाक स्थिर ठेवून, थोडी थोडी पुढे सरकवत.

दुसरी गोष्ट छर्ऱ्यांची. पायडल नवे आहे म्हणजे ते नीट आहे असे मानू नये. माझ्या नव्या जोडीतले उजवे बोटांनी फिरवले तर वाळूत फिरावे तसे खरखरत होते आणि डावे दांड्यावर किंचित हलत होते. बाहेरच्या बाजूचे टोपण काढले की आत एक लॉकनट, त्याखाली जिभेचा वायसर, त्याखाली कोन, आणि कोनाखाली ग्रीसमध्ये बसलेले बारीक छर्रे. लॉकनट सैल करायचा, कोन आठवा हिस्सा फिरवायचा, कोन तसाच धरून लॉकनट पुन्हा आवळायचा आणि फिरवून पाहायचे. गंमत अशी की लॉकनट आवळताना कोनही जरासा दाबला जातो, म्हणून तो आधी थोडा सैल ठेवावा लागतो. हे एका झटक्यात कोणालाच जमत नाही. मला उजव्यासाठी पाच खेपा लागल्या, मिस्त्रीकाकांना दोन लागल्या असत्या. ‘हलायला नको आणि अडकायलाही नको’ एवढेच त्यांचे शास्त्र, आणि ते त्यांच्या बोटांत आहे. ज्ञान फक्त छापील पानात असते असे समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर एकदा तासभर बसावे.

तिसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट टो-क्लिप आणि पट्टा. पायाच्या पंज्याचा रुंद भाग पायडलाच्या दांड्यावर यावा आणि बुटाचे टोक क्लिपला टेकू नये, दोन-तीन मिलिमीटर मोकळे राहावे. क्लिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. आपल्याकडे दुकानदार बहुधा एकच देतो आणि ‘बसेल, बसेल’ म्हणतो. बसत नाही. मोठ्या पावलाला लहान क्लिप लावली तर पाय मागे राहतो, पायाच्या बोटांनी पायडल मारावे लागते आणि महिन्याभरात गुडघा बोलू लागतो. क्लिपच्या बोल्टखाली पातळ चकत्या घालून ती थोडी पुढे काढता येते. मी तेच केले. पट्टा पिंजऱ्याच्या दोन्ही खाचांतून ओवताना मध्ये, पायडलाच्या पोटाखाली, त्याला एक पीळ द्यायचा. या एका पिळाने पट्टा जागच्या जागी राहतो. पीळ नसला तर चालवता चालवता तो सरकतो आणि बक्कल पावलाखाली येते. बक्कल बाहेरच्या अंगाला, बोटाने चटकन उघडेल असे हवे. स्टँडवरच्या सायकली पाहा: आठांपैकी पाचांचे पट्टे पिळाशिवाय ओवलेले आहेत, एकाचा पट्टा शोभेसाठी नुसता लोंबतो आहे. तो शोभेचा पट्टा एखाद्या दिवशी चेनमध्ये जाईल. बुटाची नाडी, पँटची घोळ, आणि मैत्रिणींनो, ओढणी यांचेही तेच. साध्या सायकलीत अडकलेले कापड पाय थांबवून सोडवता येते, इथे पाय थांबतच नाहीत.

१९८४ साली फ्रान्सच्या ‘लुक’ कंपनीने बर्फावर घसरण्याच्या बुटांच्या बांधणीवरून खटक्याचे पायडल बाजारात आणले, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने तीच पायडले वापरून टूर द फ्रान्स जिंकली. तेव्हापासून शर्यतीतले पट्टे गेल्यातच जमा आहेत. पण त्यासाठी वेगळे बूट लागतात, बुटांना खालून खिळा लागतो, आणि त्या बुटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाताना जो आवाज होतो तो तत्त्वज्ञानाला पोषक नसतो. शिवाय किंमत. विद्यार्थ्याला पट्टाच बरा.

आमच्या विभागातील एका सरांनी हे सारे ऐकून विचारले, “एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ साधी सायकल का घेत नाहीस?” प्रश्न रास्त आहे. फिक्स्ड सायकल श्रेष्ठ आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. घाटात ती त्रास देते, सामान वाहायला निरुपयोगी, आणि गुडघे नाजूक असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मला ती आवडते ती एवढ्यासाठी की तिच्यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे, आणि जे आहे ते मला समजते. माझ्या खोलीतल्या दुसऱ्या एकाही यंत्राविषयी मला असे म्हणता येणार नाही. मात्र ज्याला हे समजून घ्यायचे नाही, नुसते मिरवायचे आहे, त्याने सरांचा सल्ला मानावा.

म्हणून माझी सूचना अशी. जिमखान्याने स्टँडच्या कोपऱ्यात एक बाक, एक हवेचा पंप, पायडलाचा एक लांब पाना, षटकोनी चाव्यांचा एक संच आणि ग्रीसचा एक डबा ठेवावा. व्हॉलीबॉलच्या एका नव्या जाळ्यापेक्षा याला जास्त खर्च येणार नाही. आठवड्यातून एकदा कोणा मिस्त्रींना तासभर बोलवावे आणि त्यांना पाहुण्या व्याख्यात्याचे मानधन द्यावे. चहा-बिस्किटांवर भागवू नये. आणि पाटीवर ‘ब्रेक’च्या पुढे ‘व पायडल’ एवढे दोन शब्द वाढवावेत.

आता चालवून पाहण्याविषयी. नवी पायडले बसवली की लोक थेट रस्त्यावर जातात. माझ्या मते पहिला अर्धा तास तरी मोकळ्या मैदानावर, सकाळी, एकट्याने घालवावा. निघण्याआधी सीटची उंची पाहावी. नव्या पायडलाचा तळ जुन्यापेक्षा जाड असेल तर पाऊल तेवढे वर येते, म्हणून सीटही तेवढी वर घ्यावी लागते. पाच मिलिमीटरांचा फरकसुद्धा गुडघ्याला कळतो. मग पहिला पाय क्लिपमध्ये घालून पट्टा अर्धवट आवळायचा. पायडल सुरुवातीला सोयीच्या जागी आणायला साध्या सायकलीसारखे ते मागे फिरवता येत नाही. पुढचा ब्रेक दाबून, अंग हँडलावर टाकून मागचे चाक किंचित उचलायचे आणि मग फिरवायचे. दुसरा पाय चालत्या पायडलात घालणे ही खरी कसरत. क्लिपच्या वजनाने ते नेहमी उलटे लोंबत असते आणि फिरतही असते. बुटाच्या टोकाने त्याच्या मागच्या कडेला हलकी चापट मारून ते सुलटे करायचे आणि त्याच क्षणी पाऊल आत सारायचे. जमेपर्यंत चालण्याच्या वेगापुढे जाऊ नये. नाही जमले तर पायडलाच्या उलट्या बाजूवर पाय ठेवून चार फेरे घ्यावेत, पण घाई करून खाली पाहत बसू नये.

त्यानंतर वळणे. साध्या सायकलीवर आपण वळताना आतले पायडल वर ठेवतो. इथे ते आपल्या हातात नाही. वळणात ते खाली येणारच, आणि सायकल फार कलली तर जमिनीला घासून मागचे चाक उचलणार. वेलोड्रोमच्या सायकलींना म्हणूनच क्रँक आखूड, बहुधा १६५ मिलिमीटरची असते. माझी जुनी पायडले अरुंद होती, नवी रुंद आहेत. मैदानावर खडूने वर्तुळ आखून किती कलता येते ते आधीच पाहिले आणि आता वळणे तेवढ्यातच घेतो. शेवटी पाय रेटून थांबणे. पट्टे या वेळी आवळलेले हवेत, कारण मागच्या पायाच्या दाबण्याइतकेच पुढच्या पायाचे वर ओढणे इथे कामाला येते, आणि ओढणे पट्ट्याशिवाय होत नाही. दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ असा आवाज आला तर पायडल क्रँकमध्ये सैल आहे किंवा क्लिपचा बोल्ट हलतो आहे, थांबून पाहावे.

चाक घसरवून थांबण्याची हौस असणाऱ्यांसाठी एक हिशेब देऊन ठेवतो. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असतील तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे होतात. म्हणजे पाय त्याच ठिकाणी अडवला की टायर दर वेळी त्याच एका जागी घासतो आणि महिन्याभरात तिथे भोक पडते. पुढे ४६ घ्या. अपूर्णांक संक्षिप्त केला की २३ छेद ८, म्हणजे घासण्याच्या जागा आठ. दोन दात्यांच्या फरकाने टायर आठपट चालतो. शाळेत अपूर्णांक कशासाठी शिकवतात असे विचारणाऱ्या धाकट्या भावंडांना हे जरूर सांगावे.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पाना पुन्हा एकदा लावावा. नवे आटे बसतात, ग्रीस दाबले जाते आणि थोडी जागा होते. पावसात भिजले तर चामडी पट्टाही ताणतो आणि बक्कल एक खाच पुढे घ्यावी लागते. माझ्या डाव्या पायडलाने त्या वेळी पान्याचा पाव फेरा घेतला. उजव्याने काहीच घेतला नाही.